सकाळचे आकडे

पाच वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्या पवनचक्कीची पाती थांबली. पहिल्या दोन त्याआधीच गप्प झाल्या होत्या. नागेश खाली वाळूत उभा राहून मान वर करून बघत होता, आणि बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबाला बांधलेली लाल चिंधी खांबालाच चिकटून बसलेली. ऑगस्टची सकाळ, सूर्य अजून वर यायचा होता, आणि बनियन आत्ताच पिळून काढावा इतका भिजला होता.

बॅटऱ्या तासभर चालणार होत्या. जास्तीत जास्त सव्वासहा. त्यानंतर टाक्यांमध्ये हवा सोडणारे ब्लोअर बंद, आणि ब्लोअर बंद म्हणजे अर्ध्या तासात मासे पोट वर करून तरंगायला लागणार.

आता हे बेट कसलं ते सांगायला हवं. शारजाच्या किनाऱ्यापासून लाँचने दीड-पावणेदोन तास. एका अरबी मालकाचं. त्याला सगळे अरबाब म्हणत. त्याने तिथे हमूर माशाची पैदास सुरू केली होती. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बारा टाक्या पिल्लांच्या आणि एक मोठी टाकी, तिच्यात चोवीस आईमासे. एकेक मासा लहान पोराएवढा. माणसं अकरा, आणि त्यांचा सुपरवायझर नागेश. तो मात्र अरबाबचा नोकर नव्हता. हमरिया फ्री झोनमधल्या ज्या कंपनीने पवनचक्क्या बसवल्या, तिचा माणूस.

आठ दिवसांपूर्वीपर्यंत बेटावर एक मोठा डिझेल जनरेटर होता. धडधडायचा, धूर ओकायचा, पण होता. मग अरबाबने तिथे पाहुण्यांना बसायला मजलिस बांधली. बाहेरदेशचे लोक येणार, त्यांना वाऱ्यावर चालणारं बेट दाखवायचं, मग हा धूर कशाला? कंपनीच्या अनिल साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, शंभर टक्के वारा, डिझेलचा थेंब नको. त्यांनी वर्षभराचे वाऱ्याचे आकडे पुढे ठेवले. अरबाब खूश. खलास! जनरेटर मालाच्या पडावावर चढला आणि गेला.

ते आकडे कोणी लिहिले होते? नागेशने.

अहो, नागेश हर्णैचा. बाप, आजा, चुलते सगळे दर्यावर गेलेले. रात्री जमिनीकडून मतलई सुटते, दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, आणि सकाळी या दोघांची अदलाबदल होताना मधे वारा साफ पडतो, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. होड्या याच वाऱ्यांच्या हिशेबाने आत-बाहेर करायच्या. आणि हाच शहाणा वाऱ्याचे आकडे लिहिताना काय करत होता? वारा मोजायचा मीटर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्याजवळ. कॅम्पपासून दोन किलोमीटर वाळू तुडवत जायचं. हुकूम होता की सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार, तीन वेळा आकडा घ्यायचा. पहिले पंधरा दिवस घेतला. मग चार वाजता लाँच यायची, टपाल आणायची, हर्णैचं पत्र असायचं, तेव्हा तसंही धक्क्यावर जाणं व्हायचंच. चारचा आकडा तेवढा खरा. सहाचा आणि बाराचा तो कॅम्पमध्ये बसून, चारच्या आकड्यातून थोडंथोडं कमी करून, अंदाजपंचे लिहायचा. वाईट हेतू काहीच नव्हता. कागद भरायचा होता, भरला. असे कागद आपण सगळेच भरतो, आणि बहुतेक वेळा त्यातून कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून तर भरतो.

जनरेटर चढवताना त्याने एकदा तोंड उघडलं होतं. "साहेब, महिनाभर राहू दे ना. ऑगस्ट काढू."

अनिल साहेब हसले होते. "का रे? आकडे तर तुझेच आहेत."

नागेश गप्प बसला. खरं सांगावं तर नोकरी गेली. नोकरी गेली तर फॅमिली व्हिसा गेला, आणि रुपाली सप्टेंबरात यायची होती. सहा वर्षं थांबलेली. दुबईत अल मनखूलमध्ये एका कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोलीसुद्धा ठरली होती.

तर सव्वासहाला ब्लोअरचा आवाज घरघरत खाली आला आणि बंद पडला. शेडमध्ये अशी शांतता पसरली की सगळी माणसं बिछान्यातून उठून धावत आली.

"बादल्या घ्या!" नागेश ओरडला. "पाणी उचला आणि उंचावरून परत टाकीतच ओता. पाण्यात हवा मिसळली पाहिजे. थांबू नका!"

माणसं भिडली. एकेका टाकीवर एकेक जण, काहींकडे दोन-दोन टाक्या. मोठ्या टाकीवर भिवातात्या आधीच चढले होते. भिवातात्या म्हणजे बावन्न वर्षांचा गडी, जतकडचा. गावाकडे पाण्याचं दुर्भिक्ष, आणि इथे जन्मात कधी न पाहिलेल्या माशांचा बाप होऊन बसलेला. चोवीस आईमाशांना त्यांनी नावं ठेवली होती. त्यातलीच एक तानुबाई, त्यांच्या बायकोचं नाव. त्यावरून पोरं चिडवायची, "तात्या, वहिनी आज जेवल्या का?" तात्या खुशीत हसायचे.

सोमनाथ, पंपावरचा चिपळूणचा पोरगा, बादली ओतता ओतता म्हणाला, "नागेशदादा, शारजाच्या जेटीला रेडिओ लाव ना. तिकडे तो छोटा जनरेटर ट्रॉलीवर पडलाय. लाँचवाल्या अलीमियाँला म्हणावं, टाक लाँचवर आणि ये."

बरोबरच बोलला पोरगा. रेडिओ त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालत होता. एक हाक मारायची, की आठच्या आत जनरेटर धक्क्यावर. पण तो रेडिओ सगळे ऐकत. जेटीवाले ऐकत, हमरियात अनिल साहेबांच्या टेबलावर सेट होता तिथे ऐकत, अरबाबचा मॅनेजर ऐके. आठव्या दिवशी बेट बंद पडलं हे कळलं की पहिला प्रश्न आकड्यांचा. आणि वारा काय, आठ-साडेआठपर्यंत येईलच की. आला की पाती फिरतील, ब्लोअर चालू होतील, मासे वाचतील, कोणाला पत्ताही लागणार नाही.

नागेश रेडिओच्या खोलीत गेला. मायक्रोफोन हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवला. दोन मिनिटं तसाच उभा राहिला आणि मायक्रोफोन परत खुंटीला लावून बाहेर आला.

"सांगितलं का?" सोमनाथने विचारलं.

"सांगितलं. निघालाय तो."

इतकं सोपं होतं खोटं बोलणं. सोमनाथने मान हलवली आणि दुसरी बादली उचलली.

सात वाजले. सूर्य पत्र्यावर चढला. साडेसात. हवेत इतका दमटपणा की घाम वाळायचं नाव नाही, अंगावरून नुसता ओघळत राहायचा. छपरावरच्या टाकीत प्यायचं पाणी होतं, पण ते चहासारखं गरम. फ्रीज बंद, बर्फाचं पाणी झालेलं. माणसं दोन घोट घेत आणि परत बादल्यांना लागत. पाचव्या टाकीतली पिल्लं आठच्या सुमाराला गेली, वर नुसता पांढरा थर आला. त्या टाकीवरचा माणूस शेजारच्या टाकीवर गेला.

नागेश दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्या चिंधीकडे बघे. हलत नव्हती मेली! साडेआठ झाले. त्याने मनात देव आठवले, हर्णैच्या बंदरातल्या म्हाताऱ्या कोळ्यांचे बोल आठवले. वारा पडला की माणसाने काही करायचं नसतं, शीड उतरवून बसायचं असतं, असं त्याचा बाप म्हणायचा. होडीत बसता येतं हो. माशांच्या टाकीत कसं बसणार? त्या पांढऱ्याशुभ्र, लाखमोलाच्या पवनचक्क्या आभाळात नुसत्या ताठ उभ्या होत्या, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्यांचा उपयोग सावलीपुरता.

"कुठवर आली असेल लाँच?" सोमनाथने नऊला विचारलं.

"येईल. भरतीची वाट बघत असेल."

"कसली भरती? कधीपासून लागते भरती?"

"अरे, येईल म्हणतो ना! तू बादली मार."

नागेश स्वतःही बादल्या मारत होता, नाही असं नाही. हाताचे तळवे सोलून निघाले होते. पण त्याच्या बादलीत आणि इतरांच्या बादलीत फरक होता आणि तो त्यालाच ठाऊक होता. बाकीचे लाँच येईपर्यंत तग धरत होते. लाँच येणार नव्हती.

भिवातात्या मोठ्या टाकीच्या काठावर उभे होते. खालून दोघं बादल्या भरून देत होते, ते डोक्याच्या वर नेऊन ओतत होते. खालची माणसं तीनदा बदलली. तात्या बदलले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि एक गोष्ट नागेशला दिसली, ती त्याने दिसूनही मनाआड केली. तात्यांच्या अंगावरचा घाम थांबला होता. कातडी कोरडी.

"तात्या, खाली या. जरा टेका."

"लाँच येईस्तवर धरतो की रं. मी उतरलो तर ही मरत्याल." तात्यांची जीभ जड झाली होती. "किती येळ हाय अजून?"

"अर्धा तास."

"मग काय! अर्धा तास म्हंजी काय येळ झाला?"

नागेशला वाटलं, सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता. तात्या, कोणी येत नाहीये, उतरा खाली. पण सव्वानऊ झाले होते, वारा आता कुठल्याही क्षणी येईल असं वाटत होतं, आणि तीन तास गप्प राहून आता बोलायचं तर त्या तीन तासांचंही सांगावं लागणार. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं. तो परत आपल्या टाकीकडे वळला.

दहाला पाच कमी असताना मोठ्या टाकीजवळून बादली पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ तात्या. काठावरून बाहेरच्या बाजूला, सिमेंटवर, गोणी पडावी तसे.

सगळे धावले. तात्यांचे डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं. झटका आल्यासारखे हातपाय आखडत होते. सोमनाथ रडकुंडीला आला. "दादा, रेडिओ! विचार त्याला कुठे मेलाय तो!"

आता मात्र नागेश धावत सुटला. खोलीचं दार लोटून आत, मायक्रोफोन हातात, बटण दाबलं. बाहेर माणसं तात्यांवर गरम पाणी ओतत होती, तेच एक पाणी होतं.

"जेटी, जेटी! अलीचाचा, नागेश बोलतोय बेटावरून. माणूस पडलाय. उष्माघात. लवकर या. जनरेटर घेऊन या. बर्फ आणा, अँब्युलन्सला सांगून ठेवा. यल्ला, चाचा, जल्दी!"

लगेच उत्तर आलं. "निघालो."

अकराला दहा मिनिटं असताना खारा वारा सुटला. आधी चिंधी हलली, मग एकदम ताणून उभी राहिली. पाती आळोखेपिळोखे देत फिरली, शेडमध्ये ब्लोअर घुमले, बारापैकी नऊ टाक्यांतली पिल्लं आणि चोवीसच्या चोवीस आईमासे बुडबुड्यांखाली जमा झाले. पंखे लागले. तात्यांना पंख्याखाली ठेवलं होतं, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

साडेअकराला लाँच लागली. तात्यांना झोळीत घालून सगळे आधीच धक्क्यावर पोचले होते. सोमनाथ धक्क्यावरून किंचाळला, "अलीमियाँ, लाज वाटते का? पाच तास लावलेस! माणूस मारलास!" बाकीचेही अलीमियाँवर तुटून पडले. दाभोळचा तो म्हातारा तांडेल, चाळीस वर्षं आखातात काढलेला. इंजिनाच्या आवाजात त्याला शिव्या कळल्या, अर्थ काही कळला नाही. तो गोंधळून नागेशकडे बघायला लागला. नागेश मधे घुसला. "आधी माणूस उचला! बोलणं नंतर!" आणि तात्यांना बर्फाच्या गोणपाटात गुंडाळून लाँचवर चढवलं. सोबत दोघं गेले. लाँच वळली.

लाँचमधून अनिल साहेब उतरले होते. सकाळी ते जेटीवरच आलेले, हाक ऐकून लाँचवर चढले. त्यांनी शेडमध्ये फेरी मारली, टाक्या आणि आईमासे मोजले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "गुड. ब्रूड स्टॉक सेफ आहे. नागेश, वेल मॅनेज्ड. रिपोर्टमध्ये लिही, शॉर्ट इंटरप्शन, हाताने मॅनेज केलं. छोटा जनरेटर मागच्या शेडमध्ये झाकून ठेव, मजलिसमधून दिसता कामा नये."

नागेशच्या डोक्यात सकाळपासून जे कोंडलं होतं ते बाहेर पडलं. "साहेब, ते वर्षाचे आकडे खोटे आहेत. सगळे चारचे आहेत. सकाळचा वारा मी मोजलाच नाही."

अनिल साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माहीत आहे मला."

"माहीत होतं?"

"अरे, तीनशे दिवस तिन्ही वेळा वारा जवळजवळ सारखाच? मी काय काल जन्मलो? पण ऑर्डर घ्यायची होती. आणि कागदावर सही माझी नाहीये, नागेश, तुझी आहे. तेव्हा दोघांनीही शांत राहिलेलं बरं. नाही का?"

नागेशला संताप आला, आणि त्याच वेळी, लाज सांगायची तर, हायसंही वाटलं. साहेब सांभाळून घेणार होते. रुपालीचा व्हिसा शाबूत होता.

दीडला रेडिओ खरखरला. जेटीवरून अलीमियाँ. आवाज ऐकून सोमनाथ आणि बाकीची माणसं खोलीच्या दारात गोळा झाली.

"नागेश, आहेस का? भिवा गेला रे. अँब्युलन्सवाल्यांनी जेटीवरच तपासलं, आणि चादर तोंडावर ओढली." "पोलीस आलेत. कागदावर लिहायला विचारतायत. कसा मेला, कधीपासून उन्हात होता?"

कोणीतरी दारात हुंदका दिला. अनिल साहेबांनी पुढे होऊन मायक्रोफोन घेतला. "अलीमियाँ, अनिल बोलतोय. सांग, हार्टचा त्रास होता आधीपासून. सकाळी दहाला अचानक चक्कर आली. बस. खलास."

नागेश त्या मायक्रोफोनकडे बघत होता. तानुबाई जतला असणार, पोस्टमन यायच्या वेळेला दारात. तिला कोणीतरी सांगणार, हार्ट होतं. तिला माहीत असणार, हार्टबिर्ट काही नव्हतं, तात्या तिसाव्या वर्षापर्यंत कुस्त्या खेळलेले. पण कागदासमोर तिचं काय चालणार?

त्याने साहेबांच्या हातातून मायक्रोफोन ओढून घेतला. साहेब "ए!" म्हणाले. सोमनाथ साहेबांच्या आडवा आला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"अलीचाचा, मी नागेश. लिहायला सांगा त्यांना. हार्ट नव्हतं. वारा पडला, वीज गेली, सव्वासहापासून दहापर्यंत तात्या शेडमध्ये बादल्या मारत होते. मी मारायला लावल्या. वाऱ्याचे आकडे मी खोटे लिहिले होते म्हणून जनरेटर इथे नव्हता."

रेडिओवर सगळे ऐकत होते. हमरियात, अरबाबच्या ऑफिसात, आणि दारातली आठ माणसं. सोमनाथने हळू विचारलं, "दादा, पण लाँच? तू सव्वासहालाच सांगितलं होतंस ना?"

नागेशने त्याच्याकडे बघितलं नाही. बटण दाबलेलंच होतं. "नाही. मी दहाला सांगितलं. तोवर तुम्हाला खोटं सांगत होतो."

त्याने अंगठा उचलला. सोमनाथ भिंतीला टेकून खाली बसला. रेडिओतून अलीमियाँचा आवाज आला, न चिडता, थकलेला.

"तरी म्हटलं ही पोरं मला शिव्या का देतायत. नागेश, मी पाच वाजल्यापासून लाँचवरच होतो रे. वारा पडलेला मला इथून दिसत होता. जनरेटरसुद्धा चढवून ठेवला होता. सेट उशाशी घेऊन बसलो होतो, तू कधी बोलवतोस म्हणून."